न केलेल्या कर्माचे फळ

आपल्या दर्शनकारांनी कर्मसिद्धान्ताचे समर्थन करताना प्रतिपक्षापुढे ज्या दोन आपत्ती पुनःपुन्हा मांडल्या, त्यांपैकी एक कृतनाशाची आणि दुसरी अकृताभ्यागमाची. ज्याने कर्म केले त्याला फळ मिळालेच नाही तर केलेले वाया गेले, आणि ज्याने कर्म केलेच नाही त्याच्या पदरी फळ पडले तर न केलेले अंगावर आले. असे दोन्ही दोष ज्या जगात संभवतात ते जग न्याय्य नव्हे. आणि जगच न्याय्य नसेल तर धर्माचरणाचा उपदेश कोणत्या तोंडाने करावयाचा, या धास्तीने अदृष्ट, पुनर्जन्म, संचित आणि प्रारब्ध यांच्या व्यवस्थेला तर्काचे बळ पुरविले. ही व्यवस्था कोणाला मान्य असो वा नसो, तिच्या मुळाशी असलेली मागणी, म्हणजे कर्ता आणि भोक्ता एकच असावा ही मागणी, मनुष्यमात्राच्या न्यायबुद्धीचीच मागणी आहे. पृथ्वीच्या हवामानाविषयी गेल्या दीड शतकात देशोदेशींच्या शास्त्रज्ञांनी जे ज्ञान मिळविले, त्याने नेमक्या याच मागणीपुढे मोठा पेच उभा केला आहे. त्याचा विचार करण्यास बुलढाणा जिल्ह्याइतके योग्य स्थळ क्वचितच सापडेल. कारण होऊन गेलेल्या पावसाचे दप्तर या जिल्ह्यात घाटावर, लोणारला आहे, आणि होणाऱ्या पावसाची विचारणा घाटाखाली, भेंडवळला होते.

अवर्षण हे कोणाच्या तरी अपराधाचे फळ होय, ही समजूत फार जुनी. अंगदेशाचा राजा रोमपाद याच्या हातून आगळीक घडली म्हणून त्याच्या राज्यात पाऊस पडेनासा झाला, आणि ऋष्यशृंगाला आणल्यावरच मेघ वर्षू लागले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. पाऊस ओढ देऊ लागला की धोंडी काढणारे किंवा महादेवाची पिंड पाण्याखाली कोंडणारे खेडूत त्याच समजुतीचे वारस आहेत. या समजुतीत भोळेपणा असेल, पण तिच्यात एक नैतिक धीटपणाही आहे: आकाशातल्या घटनेशी आपल्या आचरणाचा संबंध आहे, असे ती मानते. प्रश्न इतकाच की हा संबंध खरा किती आणि कल्पित किती. त्याचे उत्तर देणारा साक्षीदार लोणारच्या तळाशी बसलेला आहे.

वऱ्हाडच्या काळ्या पाषाणात सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे हे विवर पूर्वी ज्वालामुखीचे मुख मानले जाई. 1973 साली अमेरिकन आणि भारतीय भूशास्त्रज्ञांनी मिळून केलेल्या अभ्यासाने ते अशनिपाताने पडल्याचे सिद्ध केले. पुराणाने या खाऱ्या पाण्याचा संबंध लवणासुराच्या वधाशी जोडला, आणि गावातील दैत्यसूदनाचे मंदिर त्या कथेचे स्मारक म्हणून उभे आहे. सरोवराची खरी विशेषता अशी की त्यात पाणी येते ते पावसाचे आणि कड्यावरून झरणाऱ्या धारांचे, परंतु बाहेर जाण्यास त्याला वाट नाही; जे जाते ते केवळ वाफ होऊन. म्हणून पाऊस भरपूर झाला की पाणी गोडीकडे झुकते, आणि कमी झाला की क्षार दाट होतात. जून 2020 मध्ये पाणी एकाएकी गुलाबी दिसू लागले तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे कारण क्षारप्रिय सूक्ष्म जीव असल्याचे सांगितले. पाणी उतरून खारटपणा वाढला की हे जीव माजतात. तो चमत्कार पाहावयास लोक जमले, पण सरोवर आपला हिशेब पृष्ठभागावर मांडण्यापेक्षा तळाशी मांडते, ही गोष्ट थोड्यांनाच ठाऊक होती.

त्या तळातून सुमारे दहा मीटर लांबीचा गाळाचा स्तंभ उपसून जर्मनीतील पॉट्सडॅम येथील भूविज्ञान संशोधन केंद्र आणि नवी मुंबईची भारतीय भूचुंबकत्व संस्था यांच्या शास्त्रज्ञांनी त्याचा थर न् थर तपासला. सुषमा प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा निष्कर्ष 2014 साली प्रसिद्ध झाला. गाळाच्या काही थरांत गेलुसाइट नावाच्या खनिजाचे स्फटिक सापडतात. सोडियम, कॅल्शियम व कार्बोनेट यांचे हे सजल संयुग पाणी आटून अतिशय क्षारयुक्त झाल्यावाचून जमत नाही. तेव्हा ज्या थरात हा स्फटिक, त्या काळी सरोवर आटले होते, हे अनुमान धूर पाहून अग्नी जाणण्याइतकेच सरळ आहे. अशा पुराव्यांवरून दोन दीर्घ कोरडी पर्वे निश्चित झाली: एक आजपासून सुमारे 4,600 ते 3,900 वर्षांपूर्वीचे, आणि दुसरे सुमारे 2,000 ते 600 वर्षांपूर्वीचे. दैत्यसूदनाच्या भिंतींवरचे शिल्प ज्यांनी कोरले ते कारागीर या दुसऱ्या पर्वातलेच. त्यांच्या भक्तीत न्यून होते असे ते शिल्प पाहून कोणी म्हणणार नाही, आणि चौदाशे वर्षे पुरेल असा अपराध कोणत्याही राजाच्या हातून होणे शक्य नाही. या अवर्षणांचे नाते संशोधकांनी लावले ते हिंदी महासागर आणि प्रशांत महासागर यांच्या संगमावरील उष्ण जलराशीशी. रोमपादाची बाजू लोणारच्या गाळाने अशी निकालात काढली. दुष्काळ पापावाचूनही पडतो.

येथेच थांबता आले असते तर प्रश्न सुटला असता, आणि निसर्ग नीतिनिरपेक्ष आहे एवढे म्हणून आपण मोकळे झालो असतो. परंतु ज्या शास्त्राने जुन्या अवर्षणांतून अपराधी वजा केला, त्याच शास्त्राने आजच्या बदलांत अपराधी पुन्हा उभा केला आहे. कर्बवायू उष्णता धरून ठेवतो हे युनिस फूट या अमेरिकन विदुषीने 1856 साली प्रयोगाने दाखविले. स्वीडनच्या आऱ्हेनियसने 1896 साली त्याच्या परिणामाचे गणित मांडले. आणि 1958 पासून हवाई बेटावरील मौना लोआ येथे चार्ल्स कीलिंग याने सुरू केलेल्या मापनात त्या वायूचे प्रमाण दशलक्षांशी सुमारे 315 भागांवरून आज 420 च्या वर गेले आहे. 1988 साली स्थापन झालेल्या, हवामानबदलाविषयीच्या आंतरसरकारी मंडळाने 2021 च्या अहवालात, पृथ्वी मानवी व्यवहारांमुळेच तापली हे निःसंदिग्ध होय, असा निर्वाळा दिला. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल व त्यांचे सहकारी यांनी 2017 साली दाखवून दिले की 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, तेही पावसाची एकूण सरासरी घटत असताना. म्हणजे पाऊस लांबतो, पेरणी मोडते, दुबार पेरावे लागते, आणि मग दोन दिवसांत महिन्याचा पाऊस येऊन उभे पीक घेऊन जातो.

जुलै 2023 मध्ये जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत अतिवृष्टीने शेते खरडून गेली. कोणतीही एक अतिवृष्टी सर्वस्वी हवामानबदलाच्या नावे मांडता येत नाही, हे शास्त्रज्ञ स्वतःच सांगतात; तथापि अशा घटनांची शक्यता वाढविणारे कारण त्यांनी निश्चित केलेले आहे. अशा वेळी तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक बांधावर येतात, पंचनामा होतो. गट क्रमांक किती, पीक कोणते, बाधित क्षेत्र किती, नुकसान किती टक्के, हे सर्व त्यात नोंदले जाते. ते कोणी केले, हा रकाना त्या कागदात नाही आणि असूही शकत नाही. कारण करणारा संग्रामपूरच्या हद्दीत राहत नाही, आणि पुष्कळदा तो आज हयातही नाही. मँचेस्टरच्या गिरणीत वऱ्हाडचाच कापूस कोळशावर पिंजला गेला, त्या कोळशाच्या धुराचा काही अंश अजून वातावरणात आहे, आणि त्याचा भोग कापूस पिकविणाऱ्याच्या पणतूला आहे. दर्शनकारांनी केवळ अशक्य म्हणून मांडलेली आपत्ती येथे महसुली कागदावर सही-शिक्क्यानिशी रुजू झाली आहे.

यावर सनातन मताचा पुरस्कर्ता म्हणेल की त्या शेतकऱ्याचे पूर्वजन्मीचे काही असेल. या उत्तराला मोठमोठ्या आचार्यांचा आधार आहे हे मी जाणतो. तरी ते येथे स्वीकारता येत नाही. जेथे कर्ता अज्ञात असतो तेथे अदृष्टाची कल्पना करणे एक वेळ क्षम्य, परंतु जेथे कर्ता दृष्ट आहे, त्याच्या कर्माचे माप टनांत मोजलेले आहे, तेथे अदृष्टाकडे बोट दाखविणे म्हणजे ऋणको समोर उभा असताना धनकोला पूर्वजन्मीच्या वह्या उघडावयास सांगणे होय. दुसरे कोणी सामुदायिक कर्माची कल्पना पुढे करतील: मानवजातीने केले, मानवजात भोगते. पण मानवजात नावाच्या कोणाच्याही नावावर सातबारा नाही. भोग नेहमी कोणा एकाच्या शेतात येतो, आणि भारतीय माणसामागे वर्षाला सुमारे दोन टन तर अमेरिकन माणसामागे त्याच्या कितीतरी पट कर्बवायू सुटत असताना सर्वांना एका ओळीत बसविणे हा न्यायाचा आभास आहे.

म्हणून मला असे वाटते की या प्रश्नाला कर्मसिद्धान्तापेक्षा आपल्याच परंपरेतील दुसरी कल्पना अधिक लागू पडते, ती ऋणाची. मनुष्य देव, ऋषी आणि पितर यांचे ऋण घेऊनच जन्मास येतो, ही वैदिक कल्पना कर्मसिद्धान्ताहून एका गोष्टीत निराळी आहे: येथे बांधला जाणारा स्वतः काहीच केलेले नसतानाही बांधला जातो, आणि त्यात अन्याय मानला जात नाही. धर्मशास्त्राने हेच तत्त्व व्यवहारात उतरविले. बापाचे कर्ज मुलाने सव्याज फेडावे, नातवाने मुद्दल तेवढे द्यावे, पणतूवर बंधन नाही, असा बृहस्पतीचा निर्णय. मद्य, द्यूत यांसाठी काढलेले कर्ज पुत्राने देऊ नये असा याज्ञवल्क्याचा. आणि एका वेळी मुद्दलाहून अधिक व्याज वसूल होऊ नये हा दामदुपटीचा नियम तर मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी इंग्रजी अमदानीतही मानला. पित्याच्या ऋणासाठी पुत्राला केवळ धर्मबंधन म्हणून जबाबदार धरण्याची ती रीत हिंदू वारसा कायद्याच्या 2005 सालच्या दुरुस्तीने पुढील कर्जांपुरती बंद केली. या सर्व नियमांचा रोख एकच: ऋण पिढ्यांतून उतरत जाताना हलके होत जावे, आणि चैनीचे ओझे निरपराध्यावर पडू नये.

वातावरणाचे ऋण या प्रत्येक नियमाच्या उलट चालते. पणतूचा वाटा मुलापेक्षा मोठा, कारण सोडलेल्या कर्बवायूचा काही भाग हजारो वर्षे टिकतो. चैनीसाठी काढलेले आणि भाकरीसाठी काढलेले असा भेद आकाश करीत नाही. आणि येथे दामदुपट नाही. तो भेद आणि ती मर्यादा मनुष्यालाच घालावी लागणार. 1992 साली रिओ येथे राष्ट्रांनी समाईक परंतु भिन्न जबाबदारीचे तत्त्व मान्य केले, ते या दिशेचे पहिले पाऊल होते. पण 2015 च्या पॅरिस करारासोबतच्या ठरावात, हानी व नुकसान यांविषयीच्या कलमातून उत्तरदायित्वाचा किंवा भरपाईचा कोणताही हक्क उद्भवणार नाही, असे लिहून घेतले गेले. आणि त्यानंतर 2022 साली शर्म-अल-शेख येथे निधी ठरला तो देणगीच्या भाषेत. देणगी आणि परतफेड यांत रकमेचा फरक नसला तरी मानाचा असतो. देणगी घेणारा हात खाली असतो. येणे वसूल करणाऱ्याचा तसा नसतो.

मात्र हा न्याय सांगताना आपली बाजू अगदी निर्मळ आहे असे मानणे बरे नव्हे. शेजारच्या पारसचे औष्णिक केंद्र कोळसाच जाळते, आणि त्या विजेवर थंड होणारी शहरातली खोली आणि लोणारच्या रानातले खोपट यांचे खाते एक नाही. देशादेशांतील भेद मान्य करविणाऱ्याने देशातला भेदही मान्य केला पाहिजे.

आता भेंडवळ. जळगाव जामोद तालुक्यातील या गावी अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी वाघ घराण्यातील पुरुष शेतात घट मांडतात. वर्तुळाकार अठरा धान्ये; मधल्या खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची म्हणून चार ढेकळे; त्यांवर पाण्याने भरलेली घागर, आणि तिच्यावर पापड, कुरडई, वडे, भजी. रात्रभरात जे हलले, भिजले, सांडले ते दुसऱ्या पहाटे वाचून पावसाचे व पिकांचे भाकीत सांगितले जाते. तीनशेहून अधिक वर्षांची ही परंपरा म्हणतात. विवेकवाद्यांनी तिच्या भाकितांना वेळोवेळी आव्हान दिले आहे, आणि शास्त्रीय कसोटीवर ती टिकत नाही हे उघड आहे. परंतु तिच्याकडे जाणारा शेतकरी मूर्ख नाही. बियाण्यात पैसा घालण्यापूर्वी त्याला काही तरी कळावयास हवे असते, आणि हीच गरज शास्त्राच्याही मुळाशी आहे. 1899 च्या भीषण अवर्षणानंतर हिंदुस्थानच्या हवामान खात्याचे प्रमुख म्हणून 1904 साली आलेल्या गिल्बर्ट वॉकर या केंब्रिजच्या गणितज्ञाने मान्सूनचे अनुमान बांधता बांधताच प्रशांत आणि हिंदी महासागरांवरील वायुभाराचे दोलन शोधून काढले. लोणारच्या जुन्या दुष्काळांचा माग ज्या सागराकडे जातो, त्याच सागराकडे वॉकरची दृष्टी दुष्काळानेच वळविली होती.

घट आणि शास्त्र यांतील खरा भेद अचूकपणाचा नाही. वॉकरचीही अनुमाने पुष्कळदा चुकली. भेद असा की घट जे सांगतो ते होणारच असते, त्यात ऐकणाऱ्याचा काही हात नसतो. शास्त्र म्हणते, इतका कोळसा जाळाल तर असे होईल, इतका थांबवाल तर तसे. एक दैव सांगतो, दुसरे पुरुषकाराला वाव ठेवून बोलते. आणि जे सशर्त भविष्य ऐकतो तो ऐकल्याक्षणी त्या भविष्याचा कर्ता होतो. मँचेस्टरचा गिरणीमालक अजाणता केले असे म्हणू शकतो. आपल्याला ती सबब उरली नाही. अज्ञानात झालेले कर्म आणि जाणून केलेले कर्म यांचे प्रायश्चित्त आपल्या स्मृतींनीही एक मानलेले नाही.

गीतेने फलत्यागाचा उपदेश केला, त्याचा आधार घेऊन परिणामांकडे पाठ फिरविणारे थोडे नाहीत. पण त्याग करावयाचा तो आपल्याला मिळणाऱ्या फळावरील हक्काचा. दुसऱ्याच्या अंगणात पडणाऱ्या कडू फळाची जबाबदारी त्यागण्याची मुभा त्यात कोठेही नाही. कर्ता आणि भोक्ता यांची गाठ निसर्ग घालून देत नाही, हे आता पुराव्याने ठरले आहे. तेव्हा ती गाठ घालणे हे धर्माचे काम आहे, आणि ते कायद्याने, कराराने, करआकारणीने करावे लागते म्हणून काही कमी धार्मिक ठरत नाही. जग न्याय्य आहे म्हणून धर्म पाळावयाचा, हा जुना क्रम येथे उलटतो. जग आपण होऊन न्याय्य नाही, म्हणूनच धर्माची आवश्यकता आहे.