बदली, वारसा आणि अनन्यता : एका रायफलीच्या निमित्ताने

वस्तू निकामी झाली की तिच्या जागी दुसरी आणावी, हा व्यवहाराचा साधा नियम आहे. त्यामागे एक गृहीत असते : वस्तू ही केवळ एखाद्या कार्याची वाहक होय, कार्य तेच राहिले तर वाहक बदलल्याने काही बिघडत नाही. काही वस्तूंच्या संदर्भात मात्र हे गृहीत टिकत नाही. अमेरिकेतील शिकाऱ्यांना ‘विंचेस्टर मॉडेल ७०’ या रायफलीविषयी वाटणारी आसक्ती हे त्याचे एक बोलके उदाहरण आहे.

ही रायफल १९३६ साली कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवन येथे तयार होऊ लागली. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, त्यावर हाताने कोरलेली चौकडीची नक्षी आणि काडतूस नळीत शिरण्यापूर्वीच त्याची कड धरून ठेवणारा रुंद पोलादी आकडा, ही तिची ओळख. १९६४ साली उत्पादनखर्च कमी करण्यासाठी तिची रचना बदलण्यात आली. आकडा गेला, कोरीव नक्षीच्या जागी यंत्राने दाबून उमटवलेली नक्षी आली. नाव तेच राहिले, परंतु शिकाऱ्यांच्या बोलण्यात ‘चौसष्टपूर्व’ अशी एक स्वतंत्र कोटी रूढ झाली. शतकाच्या अखेरच्या दशकात जुन्या धर्तीचा आकडा पुन्हा बसवला जाऊ लागला, तरी ही कोटी पुसली गेली नाही. गुणधर्म परत आणता येतात. कालावधी परत आणता येत नाही, असा याचा अर्थ.

मग वडिलांकडून आलेली अशी रायफल गमावलेला माणूस दुसरी शोधतो, तेव्हा तो नेमके काय शोधत असतो? केवळ अचूकता हवी असती, तर कृत्रिम द्रव्याचा दस्ता अधिक सोयीचा ठरला असता. लाकूड हवेतील ओल शोषते, किंचित फुगते, नळीवर दाब देते आणि नेम सरकवते. पण हा दोष जाणून त्याच्याशी जुळवून घेण्यातच वापरणाऱ्याचे कौशल्य घडलेले असते. दस्त्यावरचा ओरखडा हा त्या दृष्टीने दोष नसतो. ती एक नोंद असते. शोध चालतो तो नोंदींचा, आणि बाजारात मिळतात त्या दुसऱ्यांच्या नोंदी.

कांटने १७८५ च्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात केलेला भेद येथे उपयुक्त ठरतो. ज्याच्या जागी सममूल्य असे दुसरे काही ठेवता येते त्याला किंमत असते; जे सर्व किमतींच्या पलीकडे असते त्याला प्रतिष्ठा असते. किमतीचेही दोन प्रकार त्याने मानले : गरजेशी निगडित बाजारमूल्य आणि निव्वळ रुचीशी निगडित मूल्य. जुनी रायफल यांपैकी कोठे बसवायची? रुचिमूल्य म्हणावे, तर तितकाच देखणा दुसरा दस्ता ती रुची भागवू शकेल. प्रतिष्ठा म्हणावी, तर एका साधनाला व्यक्तीचे स्थान दिल्यासारखे होईल. सहवासातून आलेली ही अनन्यता कांटच्या विभागणीत मावत नाही.

येथे एक गंभीर आक्षेप संभवतो. ही वस्तू म्हणजे फुलदाणी नव्हे. मारण्यासाठी घडवलेले हत्यार आहे. दस्त्यावरील ज्या नोंदींना स्मृतींचे मोल आले, त्यांतील कित्येक कोणा हरणाच्या मृत्यूच्या नोंदी आहेत. शिकारी रायफलीला अनन्य मानतो; तिच्यासमोर आलेले जनावर मात्र त्याच्या लेखी ‘यंदाचे’ असते, पुढच्या वर्षी त्याची जागा दुसरे घेणार असते. कांटच्या मांडणीतही विवेकहीन प्राणी वस्तूंच्याच कोटीत पडतात. अक्रोडाच्या रेषांत एकमेवता पाहू शकणारी दृष्टी जिवंत देहापाशी येऊन थांबावी, ही या आसक्तीतील खरी विसंगती आहे.

या आक्षेपाने आसक्ती खोटी ठरत नाही. तिची अपूर्णता उघड होते. सममूल्य नावाची गोष्ट सर्वत्र लागू पडत नाही, हा धडा माणूस अनेकदा वस्तूंकडूनच शिकतो. तो धडा वस्तूपुरता राखून ठेवला की भावविवशता उरते. तो वस्तूपलीकडे नेला तरच त्याला नैतिक आशय लाभतो.

म्हणून बदलीचा शोध गैर नाही; मात्र ‘तीच’ मिळावी असा हट्ट गैर आहे. त्या हट्टात गेलेल्या वस्तूचा इतिहास नाकारला जातो आणि नव्या वस्तूला स्वतःचा इतिहास घडवण्याची मुभाही राहत नाही. नवी वस्तू जुनीची वारस होऊ शकते, प्रतिकृती नव्हे. आणि वारशात ऋणही येते. अक्रोडाच्या दस्त्याबरोबर आजवर झाडलेल्या प्रत्येक गोळीचा हिशेबही हाती येतो, एवढे भान नव्या रायफलीवर हात ठेवताना जागे राहिले, तर तो शोध निव्वळ खरेदी राहत नाही.