सीमेपलीकडे फेकलेला खडा

वार्षिक सभेची नोटीस १२०० सभासदांना ईमेलने पाठवायची आहे. संस्थेचं खातं साधं, फुकटातलं जीमेल. ५०० पत्ते झाले की दिवसाची मर्यादा संपल्याची सूचना झळकते, आणि पुढच्या चोवीस तासांपर्यंत त्या खात्यावरून काही जात नाही. मग कार्यालयात नेहमीचा तोडगा निघतो: आणखी एक खातं उघडा, उरलेले खजिनदारांच्या खात्यावरून पाठवा. मर्यादा प्रत्येक खात्याला आहे, ती कुणीच ओलांडली नाही. मग नियम मोडला का?

हा पेच संगणकाहून फार जुना आहे. जैन श्रावकाच्या बारा व्रतांत देशव्रत येतं. ठरावीक काळापुरती आपल्या वावराला सीमा घालून घ्यायची आणि ती पाळायची. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात या व्रताचे पाच अतिचार, म्हणजे व्रताला लागणारे दोष, दिले आहेत: सीमेबाहेरची वस्तू मागवून घेणं, माणसाला पलीकडे पाठवून काम साधणं, आवाज देऊन पलीकडच्याला खुणावणं, स्वतःचं रूप दाखवून त्याचं लक्ष वेधणं, खडा फेकणं. स्वतःचं पाऊल एकदाही बाहेर पडलेलं नसतं, तरी व्रताला बट्टा लागतो. खजिनदारांचं खातं या यादीत सहज बसतं.

पण व्रत माणूस आपणहून घेतो. ईमेलची मर्यादा कंपनीने लादलेली असते. ती मनापासून का पाळावी?

उत्तर पाठवणाऱ्याकडे नाही, ज्याला ईमेल जातं त्याच्याकडे आहे. ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थर्क यांनी अर्पानेट या तेव्हाच्या संगणक-जाळ्यावरच्या सुमारे ४०० जणांना नव्या संगणकांची जाहिरात एकदम पाठवली. त्यांना खर्च जवळपास शून्य आला. वेळ गेला तो वाचणाऱ्यांचा, आणि तक्रारीही आल्या. १९९२ मध्ये संगणकशास्त्रज्ञ सिंथिया ड्वर्क आणि मोनी नाओर यांनी सुचवलं की प्रत्येक ईमेलमागे पाठवणाऱ्याच्या संगणकाला थोडं गणित करावं लागावं, म्हणजे त्यालाही झळ बसेल. न दिलेलं घेणं ही चोरी, असं तत्त्वार्थसूत्र मानतं. दुसऱ्याचं लक्ष न विचारता घेणं त्यात का धरू नये?

म्हणूनच फेब्रुवारी २०२४ पासूनचा गूगलचा नियम निव्वळ आकड्यापेक्षा अधिक न्याय्य वाटतो. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५००० हून अधिक ईमेल पाठवणाऱ्याला प्रचारपत्रांत एका क्लिकवर नाव काढून घेण्याची सोय द्यावी लागते आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवाव्या लागतात. इथे घेणाऱ्याला बोलता येतं.

यंत्राला हेतू कळत नाही, हे खरंच. रक्तदानाचं तातडीचं आवाहनही ५०० वर अडतं, आणि ते अडणं क्लेशदायक आहे. सभेच्या नोटिशीला मात्र तशी घाई नसते. सभासदांनी पत्ते त्याचसाठी दिलेले असतात. तारीख ठरताच तीन दिवसांत वाटून नोटीस पाठवली तर कुणाचं काही हिरावलं जात नाही. जुन्या स्मरणिकेतल्या जाहिरातदारांचे पत्ते त्याच यादीत घातले असतील, तर दिवसाला पन्नास या गतीनेही त्यांना ती पाठवणं योग्य ठरत नाही. त्यांना आधी विचारायला हवं.