लांबीखालचा पत्रा

गाडीचा रंग किती चमकतो हे कुणीही सांगेल. रंगाखाली काय आहे ते कळायला मात्र गाडी खरवडावी लागते. गेले वर्षभर आमच्या अंगणात हे खरवडण्याचे काम चालू आहे. ते करता करता मनात आलेला एक प्रश्न या प्रायश्चित्तकाळात आपणांपुढे ठेवावासा वाटतो: दोष झाकणे केव्हा प्रेमाचे असते आणि केव्हा खोटेपणाचे?

गाडी वडिलांची. १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी. आपल्यातील वडीलधारे तिला अजूनही ‘फियाट’च म्हणतात आणि ते चूकही नाही. इटलीच्या फियाट ११०० या गाडीचेच हे भारतीय रूप. कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार होई आणि १९७४ पासून पद्मिनी या नावाने विकली जाई. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हटली की हीच गाडी डोळ्यांसमोर येई. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर वयोमर्यादा संपली आणि शेवटच्या पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेल्या. आमची मात्र कधी टॅक्सी नव्हती. बाप्तिस्मा, लग्ने, दवाखाने आणि रविवारची मिस्सा एवढाच तिचा प्रवास. वडील गेल्यावर ती पत्र्याच्या शेडखाली नुसती उभी राहिली.

या गाडीची एक गोष्ट समजून घ्यायला हवी. ट्रकला किंवा जुन्या जीपला खाली वेगळी चासी असते आणि तिच्यावर बॉडी बसवलेली असते. पद्मिनीला अशी वेगळी चासी नाही. तळाचा पत्रा, दरवाजांखालच्या पोकळ पट्ट्या, खांब आणि छत मिळूनच गाडीचा भार पेलतात. त्यामुळे दरवाजाखालची पट्टी गंजली तर ते केवळ दिसण्याचे दुखणे राहत नाही. पट्टी खचली की दरवाजे नीट लागेनासे होतात, आणि अपघात झालाच तर आतल्या माणसांना सांभाळणारे फारसे काही उरत नाही.

गंज धरतो तोही बहुतेक आतून. दरवाजाच्या काचेवरून ओघळलेले पाणी दरवाजाच्या पोटात जाते. ते बाहेर पडावे म्हणून तळाशी बारीक भोके ठेवलेली असतात. चिखलाने किंवा रंगाने ती बुजली की पाणी आतच साचते. त्यात आपली किनाऱ्याकडची खारी हवा. गंजलेले लोखंड मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेते, म्हणून ते फुगते आणि रंगावर फोड येतो. आपल्याला बाहेर करंगळीच्या नखाएवढा फोड दिसतो तेव्हा आत बहुधा तळहाताएवढा पत्रा गेलेला असतो.

आमच्या मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी खिशातून एक लोहचुंबक काढले, रुमालात गुंडाळले आणि गाडीच्या अंगावरून हळूहळू फिरवले. बॉनेटवर ते चिकटत होते, छतावर चिकटत होते. डाव्या दरवाजाखाली आले आणि सुटून पडले. “इथे पत्रा नाही, लांबी आहे,” ते म्हणाले. लांबी म्हणजे खड्डे भरायची पुट्टी. खरवडायला घेतली तर बोटभर जाडीचा थर निघाला. त्याखाली गंजाची चाळण होती आणि तिच्यात चक्क वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले होते.

आम्हांला संताप आला. ज्याने कुणी हे केले त्याला नावे ठेवत आम्ही घरात आलो. आईने सगळे ऐकून घेतले आणि शांतपणे म्हणाली, “तुझ्या वडिलांनीच करून घेतलं होतं ते. गाडी विकायची होती. तुमच्या फीचे पैसे भरायचे होते.” मग तेव्हा गिऱ्हाईक आलेच नाही, गाडी राहिली, फी कुठून तरी भरली गेली. त्या फीवर आम्ही शिकलो.

हे येथे लिहावे की नाही यावर आमच्या घरात बरीच चर्चा झाली. उत्पत्तीच्या पुस्तकात नोहा द्राक्षारस पिऊन उघडा पडला तेव्हा त्याचे दोन मुलगे पाठमोरे चालत गेले आणि त्यांनी बापावर वस्त्र घातले. त्याच्याकडे वळून पाहिलेसुद्धा नाही. मग आम्ही वडिलांची लांबी चारचौघांत का खरवडावी? शेवटी आईच म्हणाली, लिही. ते असते तर त्यांनी स्वतःच सांगितले असते, असा तिचा विश्वास आहे. आम्हांला तेवढी खात्री नाही, पण तिचा शब्द आम्ही मानला.

प्रेम पुष्कळ पापांवर पांघरूण घालते असे संत पेत्र आपल्या पहिल्या पत्रात लिहितो. आणि प्रभू येशू शास्त्री व परूशी यांना चुना लावलेल्या कबरी म्हणतो. दोन्हींत झाकणेच आहे, मग फरक कुठे? आम्हांला वाटते, ते वस्त्र कुणाच्या अंगावर पडते आणि त्याची किंमत कोण भरतो ते पाहावे. नोहाच्या मुलांनी दुसऱ्याची लाज झाकली, त्यात त्यांना मिळायचे काहीच नव्हते. लांबी भरून गाडी विकणारा स्वतःचे झाकतो आणि त्याची किंमत त्या गाडीत बायकामुलांना बसवणारा अनोळखी माणूस भरतो. वडिलांची गरज खरी होती आणि तिच्यापुढे आमचे डोळे भरून येतात. पण गरज खरी असली म्हणून पत्रा खरा होत नाही.

लांबी मुळातच वाईट, असेही नव्हे. मिस्त्री म्हणतात, कागदाएवढी लांबी लावावीच लागते. हातोडीने ठोकलेला पत्रा आरशासारखा कधीच होत नसतो. पण आधी ठोकायला हवा. पत्र्याच्या मागे लोखंडी डॉली धरून पुढून हलके हलके ठोके द्यायचे, फार ठोकले तर पत्रा ताणून पसरतो. मग तो तापवून, ओल्या फडक्याने थंड करून पुन्हा आवळून घ्यायचा. गंजलेला भाग तर ठोकून सुधारतच नाही, तो कापावाच लागतो. आणि नुसता गंजलेलाच कापून भागत नाही. चांगला, जाड पत्रा लागेपर्यंत मागे जावे लागते. कुजक्या कडेला नवा तुकडा वेल्ड केला तर ती कड जळून जाते, भोक आणखी मोठे होते. जुन्या वस्त्राला कोऱ्या कापडाचे ठिगळ लावू नये हा प्रभूचा दाखला आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. तो समजला तो वेल्डिंगच्या ठिणग्या उडताना.

आपले पापनिवेदन बऱ्याचदा लांबीसारखे होते असे आम्हांला वाटते. तीच यादी, तेच शब्द, पाच मिनिटांत गुळगुळीत. धर्मगुरूंच्या मुखातून मिळणारी क्षमा खरी असते, त्यात शंका नाही. पण कॅथॉलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथाच्या १४५९ व्या परिच्छेदात स्पष्ट म्हटले आहे की पापमुक्तीने पाप जाते, मात्र पापाने केलेली सगळी मोडतोड त्याने दुरुस्त होत नाही. चोरलेले परत करावे लागते, ज्याचे नाव बदनाम केले त्याचे नाव पुन्हा उभे करावे लागते. बांधाची वीतभर जमीन सरकवून पाप सांगून आलेल्याला घरी जाऊन बांधही मागे घ्यावा लागतो. हा भाग ठोकाठोकीचा, वेळखाऊ, आणि शेजाऱ्यांना ऐकू जाणारा.

एक पोचा मात्र आम्ही तसाच ठेवला आहे. आजीला मध्यरात्री इस्पितळात नेताना वडिलांनी मागचे मडगार्ड फाटकाच्या खांबाला घासले होते. तिथे गंज नाही, पत्रा शाबूत आहे. मिस्त्रींना ते पसंत नव्हते. पण पुनरुत्थित प्रभूनेही आपल्या जखमा पुसून टाकल्या नव्हत्या, थोमाला त्याने त्याच दाखवल्या. संत ऑगस्टीन तर म्हणतो की रक्तसाक्ष्यांचे व्रण स्वर्गातही दिसतील आणि ते कुरूप नसतील. मडगार्डची तुलना रक्तसाक्ष्यांशी करण्याचे धाडस आम्ही करीत नाही. एवढेच की पोचा वेगळा आणि गंज वेगळा.

आता उरला तो आमचाच प्रश्न. डावी बाजू नीट झाली. उजव्या बाजूची पट्टीही पोकळ निघाली तोवर पैसे संपले होते, आणि नेमके तेव्हाच गाडीला गिऱ्हाईक आले. तरुण मुलगा, नुकतेच लग्न झालेला, जुन्या गाड्यांचा वेडा. “उजवीकडे लांबी भरून देऊ का? आठवडाभराचं काम,” गॅरेजमधल्या कामगाराने विचारले. आम्ही लगेच नाही म्हणालो नाही, हेही सांगायला हवे.

संत थॉमस अक्वायनस यांनी या नेमक्या प्रश्नाचा विचार केला आहे. घोड्याला एकच डोळा असेल तर ते घेणाऱ्याला दिसतेच, तेव्हा विकणाऱ्याने ते मुद्दाम सांगितलेच पाहिजे असे नाही, फक्त किंमत त्या मानाने घ्यावी. पण दोष लपलेला असेल आणि त्याने घेणाऱ्याचे नुकसान होणार असेल किंवा जिवाला धोका असेल, तर विकणाऱ्याने तो सांगितलाच पाहिजे. घेणाऱ्याने विचारले नाही ही सबब तेथे चालत नाही.

गेल्या शनिवारी तो मुलगा बायकोला घेऊन आला. आम्ही उजव्या दरवाजाखालचा रंग त्याच्यासमोर खरवडला आणि स्क्रूड्रायव्हर त्याच्या हातात दिला. त्याने तो टेकवला, किंचित दाबला, आणि टोक आत गेले. दोघे बराच वेळ तिथे उकिडवे बसून होते. जाताना त्याने मागच्या मडगार्डच्या पोच्यावरून हात फिरवला आणि हा का ठेवला म्हणून विचारले. आईने त्याला त्या रात्रीची सगळी हकीकत सांगितली. विचार करून कळवतो म्हणाला आहे. अजून त्याचा फोन आलेला नाही.