तरणे आणि तसे असणे

प्लुटार्कने नोंदविलेला थीसियसच्या जहाजाचा प्रश्न परिचित आहे: कुजलेल्या फळ्या एकेक करून बदलत गेल्यास जहाज तेच राहते काय? या प्रश्नात निदान सातत्य गृहीत आहे. नवी फळी बसते तेव्हा शेजारची जुनी फळी जागेवर असते. जिथे एकही फळी उरलेली नाही, तिथे मात्र प्रश्न अधिक बिकट होतो.

फेब्रुवारी 2025 मध्ये गोव्यात पाण्यात उतरविलेले आणि 21 मे 2025 रोजी कारवार येथे नौदलात दाखल झालेले ‘कौंडिण्य’ हे असेच जहाज. त्याला आधार होता तो अजिंठ्याच्या भित्तिचित्रातील, पाचव्या शतकातील एका जहाजाचा. चित्रात बाह्याकृती आहे. आतला सांगाडा नाही. तो अनुमानाने ठरवावा लागला. बाबू शंकरन यांच्या मार्गदर्शनाखाली केरळच्या कारागिरांनी फळ्या खिळ्यांऐवजी काथ्याच्या दोरीने शिवल्या. डिसेंबर 2025 मध्ये पोरबंदरहून निघालेले हे जहाज जानेवारी 2026 मध्ये मस्कतला पोहोचले.

समुद्राने येथे परीक्षकाचे काम केले खरे. पण त्यातून सिद्ध काय झाले? असे जहाज तरू शकते, एवढेच. जुने जहाज असेच होते, हे नव्हे. जलावतरणाच्या उत्साहात शक्यता आणि वास्तव यांतील हे अंतर सहज पुसले जाते.

धामणगाव रेल्वेसारख्या, समुद्रापासून दूरच्या गावी याचा विचार करताना आमच्याच अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर आठवते. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात सिद्ध केलेल्या ‘लीळाचरित्रा’ची मूळ पोथी परचक्राच्या धामधुमीत नष्ट झाली आणि अनुयायांनी ती स्मरणातून पुन्हा उभी केली, असे महानुभाव परंपरा सांगते. ज्यांच्या लेखी चक्रधरांचा प्रत्येक शब्द ईश्वरवचन होता, त्यांना एकच निर्विवाद संहिता पुढे करण्याचा मोह किती मोठा असेल! तरीही स्मरणातील भेद ‘वासना’ म्हणून संहितेतच नोंदविले गेले. जोड लपविला गेला नाही.

संहितेला समुद्र नसतो. ती ओघवती वाचली जाते, हेच तिचे तरणे. आणि नेमका हा ओघच फसवा असतो. सफाईदारपणे सांधलेला उतारा वाचकाला अस्सल वाटतो, पण ती सफाई संपादकाची असू शकते. अशा वेळी जोड झाकणे ही केवळ शास्त्रीय चूक नव्हे. जो आता हरकत घेऊ शकत नाही, त्याच्या तोंडी आपले शब्द घालण्याचा तो प्रकार आहे.

म्हणून पुनर्रचना करूच नये, असे मात्र नाही. ती टाळली असती तर ‘लीळाचरित्र’ आपल्यापर्यंत पोहोचलेच नसते. पुनर्रचना करणाऱ्याने आठवलेले कोणते आणि अनुमानलेले कोणते, हे वाचकाला सांगितले पाहिजे. हरवलेल्या मूळ कृतीचे एवढे ऋण त्याच्यावर उरतेच.