वाईटपणा कोणी घ्यायचा?

दहावीच्या गणिताच्या पेपरला काही गावांत शाळेच्या भिंतीवर भाऊ, मामा, मित्र अशी सगळी नातीगोती चढून बसतात. गैरप्रकारांविरुद्धचा कायदा १९८२ पासून आहे. भरारी पथकही येतं, पण त्याची गाडी फाट्यावर वळायच्या आत शाळेत फोन पोचलेला असतो.

यंदा आपल्या केंद्रावर कॉपी चालणार नाही, असं केंद्रसंचालक बैठकीत बजावतात आणि सगळे माना डोलावतात. पण सरपंचाच्या पुतण्याची चिठ्ठी काढून घ्यायची कोणी? वर्गात असतो पर्यवेक्षक. बऱ्याचदा नवखा, त्याच गावात भाड्याने राहणारा, संध्याकाळी त्याच फाट्यावर एसटीची वाट बघणारा. त्याने डोळेझाक केली की आपण त्याला भित्रा म्हणून मोकळे होतो.

मला वाटतं, अशा वेळी साहेबपणाचं निम्मं काम वाईटपणा स्वतःच्या अंगावर घेण्याचं असतं. कारवाईसाठी वर्गात स्वतः जायचं, आणि पालक भांडायला आले की त्यांना आपल्या खोलीत बसवायचं. डॉ. श्रीकर परदेशी नांदेडचे जिल्हाधिकारी असताना २०१०च्या सुमारास तिथे कॉपीमुक्तीची मोहीम झाली आणि जिल्ह्याचा निकाल घसरला. पण मोहिमेवर नाव जिल्हाधिकाऱ्यांचं होतं. ‘वरून आदेश आहे हो, माझ्या हातात काही नाही,’ असं म्हणायची सोय कितीतरी मुख्याध्यापकांना त्यामुळे झाली असेल. एरवी ही पळवाट म्हणून मी नाक मुरडलं असतं. इथे नाही.

कॉपी बंद केली की चिडणाऱ्या सहकारी शिक्षकांच्या रागातही नुसता आळस किंवा लबाडी नसते. निकाल पडला की जूनमध्ये पालक पोरं दुसऱ्या शाळेत घालतात. पट घटला की तुकडी तुटते आणि एखादा शिक्षक अतिरिक्त ठरतो. ज्याला आपली बदली कुठे होईल याची धास्ती आहे, त्याला तत्त्वं ऐकवून काय उपयोग? त्याच्याशी हिशेबाने बोलावं लागतं: कच्ची मुलं किती, कोणत्या धड्यावर अडलीत, जादा तास कोण घेणार, आणि त्यातला एक तास मुख्याध्यापक स्वतः घेणार का?

ते तास जुलैपासून झाले असतील, तर मार्चमध्ये खिडक्या लावून घेताना बोलायला तोंड असतं. नसतील, तर आईबाप म्हणणारच, ‘वर्षभर शिकवलं नाहीत आणि आता कडक झालात?’ त्यांचं अगदीच चूक आहे असं मला म्हणवत नाही.