‘इकडे पाहा’

लहानशा मेजाशीं दोन खुर्च्या समोरासमोर मांडलेल्या असतात. एकीवर तीन वर्षांचें मूल, दुसरीवर शिक्षिका. ‘इकडे पाहा’ असें ती म्हणते. मुलानें पाहिलें कीं एक द्राक्ष त्याच्या हातावर पडतें आणि वहींत खूण होते. न पाहिल्यास द्राक्ष नाहीं. ऑटिझम म्हणजे स्वमग्नता असलेल्या मुलांसाठीं अमेरिकेंत जीं वर्तनोपचाराचीं केंद्रें निघालीं, त्यांतील हा जुना परिपाठ. आपल्या मोठ्या शहरांतूनही अशीं केंद्रें आतां आहेत, म्हणून हा प्रश्न सातासमुद्रांपलीकडचा राहिलेला नाहीं.

या पद्धतीचे मोठे पुरस्कर्ते लॉस एंजलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे ईवार लोवास. १९८७ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांत १९ मुलांना आठवड्यास ४० तास, दोन वर्षें व त्याहूनही अधिक काळ, बव्हंशीं घरींच शिकविलें. पैकीं ९ मुलें सामान्य शाळेंतील पहिली इयत्ता उत्तीर्ण झालीं आणि त्यांचा बुद्ध्यंकही सामान्य ठरला. मुलांचे गट चिठ्ठ्या टाकून पाडले नव्हते, हा आक्षेप यथार्थ आहे. परंतु ज्या घरांत मुलानें चार वर्षें होऊनही ‘आई’ म्हणून हांक मारलेली नाहीं, त्या घराला हा आंकडा वाचल्यावर झोंप कशी यावी! त्या प्रयोगांत दरडावणें होतें, प्रसंगीं मांडीवर चापटही होती. ती पुढें बहुतेकांनीं टाकली. पंतोजींच्या छडीखालीं शहाणे झालेल्या आपण त्याबद्दल फार नाक मुरडूं नये हें बरें.

मला बोंचतें तें चापटीपेक्षां द्राक्षच. छडी बसली तर मूल रडतें, आणि रडण्यांत त्याचा निषेध तरी उमटतो. द्राक्षानें जिंकलेला निषेध कोणास दिसतच नाहीं. बक्षीस देऊन शिकवूंच नये असें नव्हे. तहान लागली असतां पाणी मागणें, रस्त्यांत हात न सोडणें, हें शिकविण्यांत मुलाचेंच हित आहे. तें न शिकवितां सोडून देणें ही दया नव्हे, हयगय होय. पण तेंच मूल आनंदाच्या भरांत हात फडफडवितें, तेव्हां ते हात स्थिर ठेवण्याचा धडा कोणाच्या हिताचा? लग्नमंडपांत चार नातेवाईक वळून पाहतात त्याचा ताप आपणांस. किंमत मात्र मुलाकडून वसूल व्हावयाची. १९९३ सालीं जिम सिंक्लेअर या स्वतः स्वमग्न असलेल्या व्यक्तीनें आईबापांना बजाविलें कीं, तुमचा शोक समोरच्या मुलासाठीं नसून, तुम्हीं मनांत धरलेलें जें मूल जन्मासच आलें नाहीं, त्याच्यासाठीं आहे. बोल कठोर आहेत, पण खोटे म्हणवत नाहींत.

कोणी म्हणेल, अक्षरें गिरवितांना तरी कोणत्या मुलाची संमति घेतात? खरें आहे. परंतु इतर मूल पाटी फेंकतें, पळतें, आजीच्या पदराआड दडतें. त्याच्या ‘नको’ला दहा वाटा असतात. या मुलाजवळ पुष्कळदां एकच, मान फिरविणें. आणि पहिला धडा नेमका ती मान वळविण्याचा!

अलीकडे कांहीं शिक्षक मुलाचा नकार मानूनच पुढें जातात, असें दिसतें. केंद्र पाहावयास जाणाऱ्या पालकांनीं म्हणून त्या खुणांची वही जरूर मागावी. ‘नको’ म्हणावयास शिकविण्याचा धडा तींत कितव्या पानावर आहे, आणि मुलानें तें म्हटल्यावर शिक्षिकेची खुर्ची मागें सरते कीं नाहीं, एवढें विचारावें.