चिरलेला कोन व त्याचे ठिगळ

जुन्या वस्त्राला कोऱ्या कापडाचे ठिगळ लावले असता ते वस्त्रास ओढते आणि चीर अधिकच वाढते, हा प्रभूचा दृष्टांत आपण मार्काच्या दुसऱ्या अध्यायात वाचतो. सिन्नरकडील एखाद्या लहान मंडळीने मूठधान्य विकून घेतलेल्या वूफरचा कागदी कोन तडकतो, खर्जाचा सूर लागताच पेटी फडफडू लागते, तेव्हा हाच दृष्टांत आम्हांस आठवतो. नव्या पेटीस पैसा नसतो. मग कोणी तरुण नळ जोडण्याचा कठीण मसाला घेऊन येतो. त्यास थांबवावे.

राइस व केलॉग ह्या अमेरिकन संशोधकांनी 1925 साली वर्णिलेली रचनाच मुख्यतः आजही चालते. चुंबकाच्या अरुंद फटीत तारेचे वेटोळे असून कोन त्यास जोडलेला असतो. वेटोळे हलले की कोन मागेपुढे होऊन हवा ढकलतो. कोन हलका व सर्व बाजूंनी समतोल असला तरच हे साधते. जड मसाला त्यास एका अंगास ओढतो, आणि कठीण ठिगळाच्या कडेस नवी चीर पडते. विड्या वळणाऱ्या आपल्या भगिनींना हे सांगावयास नको: सुके पान दुमडताच तडकते, म्हणून त्या ते आधी भिजवितात.

प्रथम वीज तोडावी. बोटे सारख्या अंतरावर टेकवून कोन हळूच आत दाबावा. खरखर लागल्यास वेटोळेच घासत आहे. तेथे गोंद व्यर्थ, कारागिराकडेच जावे. नाही तर मऊ कुंचल्याने धूळ झाडावी, चिरेच्या कडा जुळवाव्या. टिश्यू कागद कातरू नये, हाताने फाडावा, म्हणजे त्याची कड विरळ होऊन कोनात मिसळते. फेव्हिकॉलात किंचित पाणी घालून तो मागून चिकटवावा. वाळल्यावर पुढूनही एक पातळ थर द्यावा. क्षणात चिकटणारा गोंद मोह पाडतो खरा, परंतु तो ठिसूळ होतो. कडेचा रबर फाटला असेल तर लवचिक रबरी गोंदच हवा. प्लास्टिकच्या कोनास फेव्हिकॉल धरीत नाही. नंतर 24 तास पेटीस हात लावू नये. उपदेशक बंधूंनो, तरुणांकडून एवढा धीर धरविणे हेच आपले खरे काम!

पहिले गीत हलक्या आवाजात लावून पाहावे. चीर पुष्कळदा बटण शेवटपर्यंत फिरविल्यानेच पडते. म्हणून बटणापाशी लाल खूण करावी, आणि तिच्यापुढे कोणीही जाऊ नये, पंचांची मुलेही नाहीत.